कोड आला, मिस्त्री गेला नाही
सोलापूर-हैदराबाद महामार्गावरच्या हुमनाबादसारख्या गावी दुरुस्तीचा धंदा वाढला तो डिझेलच्या गाड्यांवर. 1951 साली स्थापन झालेल्या मायको कंपनीच्या पंप-नोझलच्या काळात मिस्त्री इंजिन चालू ठेवून एकेका पाइपचा नट सैल करी. ज्या नटाने आवाज बदलत नसे, तो सिलिंडर कामातून गेलेला. एप्रिल 2017 मध्ये बीएस-4 हे उत्सर्जन मानक देशभर लागू झालं आणि बिघाडाचा कोड दाखवणाऱ्या स्कॅनरशिवाय पान हलेना. मग मिस्त्री हवा कशाला, असं कुणी म्हणेल. पण पी 0201 हा कोड एवढंच सांगतो, की पहिल्या इंजेक्टरच्या सर्किटमध्ये बिघाड आहे. दोष इंजेक्टरचा, वायरचा की कनेक्टरचा, हे त्याला ठाऊक नसतं (ग्राहकालाही नसतं, हे खरं दुखणं). पेट्रोल गाडीत इंजेक्टरांची अदलाबदल करावी. कोड सोबत सरकला तर इंजेक्टर खराब, जागीच राहिला तर बहुधा वायरिंग. पद्धत जुनीच, एकेक सिलिंडर वेगळा काढण्याची. तेव्हा निव्वळ कोड दाखवून कुणी नवा इंजेक्टर गळ्यात मारत असेल, तर आधी वायर तपासायला सांगा.