आपल्याच गाण्याची लाज

आज आपण दिंडोशीत जमलोय. इथून चित्रनगरी हाकेच्या अंतरावर आहे. १९७७ साली ती उभी राहिली. परदेशात भारताचं गाणं म्हटलं की लोकांना आठवतं ते सिनेमाचं गाणं. आपल्याकडच्या जाणकारांना मात्र याच गाण्याची बराच काळ लाज वाटत होती. त्या लाजेचं काय झालं, ते आज पाहू.

१९५२ साली डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर नभोवाणी मंत्री झाले. मराठी माणूस, शास्त्रीय संगीताचा दर्दी. सिनेमाचं गाणं त्यांना उथळ आणि पाश्चात्त्य चालींची उसनवारी करणारं वाटे. आकाशवाणीवर या गाण्यांना कात्री लागली. गाण्याबरोबर चित्रपटाचं नाव सांगणंही बंद झालं, कारण ती म्हणे जाहिरात! निर्मात्यांशी बिनसलं आणि गाणी जवळजवळ गायबच झाली.

मग श्रोत्यांनी काय केलं? रेडिओची सुई सिलोनकडे फिरवली. त्याच वर्षी डिसेंबरात अमीन सयानींची 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. गंमत बघा, कार्यक्रम मुंबईत ध्वनिमुद्रित व्हायचा, विमानाने कोलंबोला जायचा आणि तिथून परत आपल्याच घराघरांत यायचा! १९५४ साली 'आवारा' सोव्हिएत संघात पोचला आणि त्याची गाणी तिथल्या लोकांच्या तोंडी बसली. म्हणजे मॉस्कोत ज्याचं कौतुक, ते दिल्लीच्या रेडिओला नकोसं.

केसकरांना नुसतं खलनायक ठरवणं मात्र सोपं आणि अन्यायाचं होईल. शास्त्रीय संगीताला देशभर श्रोता मिळाला, त्यात त्यांच्या आकाशवाणीचा वाटा मोठा आहे. त्याच काळात, १९५५ साली, पुणे केंद्रावर 'गीतरामायण' सुरू झालं. आता ते केलं कुणी? गदिमा आणि सुधीर फडके यांनी. दोघंही सिनेमातच नाव कमावलेले! ज्या दुनियेची लाज, तिथलीच माणसं आकाशवाणीची शान झाली.

शेवटी ३ ऑक्टोबर १९५७ रोजी 'विविध भारती' आली आणि सरकारी रेडिओवर सिनेमाच्या गाण्याला हक्काची जागा मिळाली. १९७४ साली लताबाई लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये गायल्या. २००१ साली त्यांना भारतरत्न मिळालं.

आपल्याला वाटतं, लाजेमुळे अभिरुची सुधारते. इथे तसं झालं नाही. गाणं थांबलं नाही, फक्त श्रोता दुसऱ्याच्या दारी गेला. अभिरुची घडवायची तर आधी श्रोता आपल्यापाशी बसलेला हवा. आज नव्या पोरांच्या गाण्यांना नाक मुरडताना एवढं लक्षात ठेवूया.