फळ्यामागचे डबे

वर्गात नवे साधन आले की शिक्षणात क्रांती झाली, असे म्हणण्याची आपल्याकडे रीत आहे. पाटी आली, फळा आला, दूरचित्रवाणी आली, मोबाईल आला. दर वेळी साधनाचे कौतुक झाले. ते कोणाच्या हाती पडले आणि कोणाला लांबून पाहावे लागले, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला गेला. आपल्याला तो विचारलाच पाहिजे, कारण आपल्या बापजाद्यांचे शिक्षण तिथेच अडले होते.

पंतोजीच्या शाळेत पोरे धुळपाटीवर अक्षरे गिरवीत. धूळ फुकट होती, तरी ती अस्पृश्यांच्या पोरांना मिळाली नाही. म्हणजे अडचण किमतीची नव्हती. इंग्रजी अमदानीत दगडी पाटी आणि फळा रूढ झाला. साधन बदलले, उंबरठा तोच राहिला. १८५६ साली धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाला प्रवेश नाकारला गेला. त्याच दशकात जोतीराव फुल्यांना पुण्यात अस्पृश्यांच्या मुलांसाठी वेगळ्या शाळा चालवाव्या लागल्या.

प्रवेश मिळाला तरी साधनाशी गाठ पडेलच असे नव्हते. साताऱ्याच्या शाळेत लहानगे बाबासाहेब घरून नेलेल्या गोणपाटावर वेगळे बसत. शाळा झाडणारा नोकरही ते गोणपाट शिवत नसे. तहान लागली तर शिपायाने नळ सोडल्याशिवाय पाणी नाही. लोखंडाला विटाळ होत नाही. पण तोटीवर हात कोणाचा, हे जात ठरवीत होती.

मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलातला प्रसंग धनंजय कीरांनी बाबासाहेबांच्या चरित्रात नोंदविला आहे. शिक्षकांनी भीमरावांना फळ्याकडे बोलाविले. फळ्यामागे सवर्ण मुलांचे जेवणाचे डबे होते. ते विटाळतील म्हणून मुले धावली आणि भीमराव पोहोचण्याआधी त्यांनी डबे बाजूला केले. शाळा सरकारी, फळा सरकारी. ज्ञानाच्या त्या साधनामागे जातीने आपली शिदोरी लपवून ठेवली होती. तरीही एक गोष्ट विसरू नये. फळा सर्वांचा होता, म्हणूनच शिक्षक भीमरावांना तिथे बोलावू शकले आणि डबे हलवावे लागले.

सामाईक साधनाचे महत्त्व हे आहे. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या काळात ‘साइट’ प्रयोगात उपग्रहाद्वारे सहा राज्यांतल्या सुमारे २४०० खेड्यांत दूरचित्रवाणीचे कार्यक्रम पोहोचले. सकाळचे कार्यक्रम शाळकरी मुलांसाठी असत. संच एका घराचा नव्हता, गावाचा होता. गावात जात होतीच. पण सामाईक वस्तूवर हक्क सांगता येतो, त्यासाठी भांडता येते.

मार्च २०२० मध्ये साथीमुळे शाळा बंद झाल्या आणि वर्ग मोबाईलवर गेला. इथे इतिहास उलटा फिरला. साधन शाळेचे राहिले नाही, घरचे झाले. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या २०१७-१८ च्या फेरीनुसार ग्रामीण भागातल्या सुमारे १५ टक्के आणि शहरांतल्या ४२ टक्के घरांतच इंटरनेटची सोय होती. ज्या घरात एकच फोन आणि तो बापाबरोबर कामावर जातो, त्या घरातले पोर वर्गाबाहेर पडले. त्याला कोणी हाकलले नाही, म्हणून दोष कोणावरच आला नाही. धारवाडच्या मुलाला निदान नकार तरी मिळाला होता. नकाराविरुद्ध अर्ज करता येतो.

याचा अर्थ मोबाईल वर्गात नको असा नाही. जुनी पाटीच आपल्या पोरांसाठी पुरे, असे म्हणणाऱ्यांपासून सावध राहिले पाहिजे. मागणी एवढीच की साधन शाळेच्या मालकीचे असावे आणि प्रत्येक मुलाचा हात त्याला लागावा. आपल्यातल्या शिक्षकांनी उद्या वर्गात एवढेच पाहावे : यंत्र कोण चालवतो, लांबून कोण बघतो, आणि तास संपल्यावर खोली झाडायला कोणाला सांगितले जाते. डबे अजून कुठे ठेवले आहेत, ते तिथे दिसेल.