नियम भांडतात तेव्हा

कुंभकोणमहून सात-आठ किलोमीटरवर कावेरीच्या काठी तिरुविसनल्लूर नावाचं गाव आहे. तंजावरचे शहाजीराजे, म्हणजे एकोजीराजांचे थोरले चिरंजीव आणि शिवछत्रपतींचे पुतणे, यांनी १६९३ च्या सुमारास ते चाळीसहून अधिक पंडितांना अग्रहार म्हणून दिलं आणि गाव शहाजीराजपुरम म्हणून ओळखलं जाऊ लागलं. आज तिथे गर्दी होते ती श्रीधर अय्यावाळ यांच्या विहिरीसाठी. तमिळ कार्तिगै महिन्याच्या अमावास्येला त्या विहिरीत गंगा येते, अशी लोकांची श्रद्धा आहे. मी कंपायलर शिकवणारा माणूस. मला ओढ त्याच अग्रहारातल्या रामभद्र दीक्षितांची.

दीक्षितांचं नाव निघतं ते ‘जानकीपरिणय’ नाटकामुळे किंवा ‘पतंजलिचरित’ काव्यामुळे. पण त्यांनी सीरदेवाच्या परिभाषावृत्तीवर टीकाही लिहिली, आणि माझ्या धंद्याशी नातं आहे ते या रुक्ष ग्रंथाचं. परिभाषा म्हणजे नियम कसे वापरायचे ते सांगणारे नियम. पाणिनीच्या संस्कृत व्याकरणात सूत्रं सुमारे ४,०००. इतके नियम एका जागी आले की ते एकमेकांच्या अंगावर जाणारच.

उदाहरण शाळेतलंच घेऊ. रामाभ्याम्, रामेभ्यः हे आपण घोकलेलं असतं, पण एकीकडे ‘आ’ आणि दुसरीकडे ‘ए’ का, हे कोणी विचारत नाही. सातव्या अध्यायाच्या तिसऱ्या पादातलं १०२ वं सूत्र सांगतं की पुढे ‘भ्याम्’, ‘भ्यः’सारखा प्रत्यय आला तर ‘राम’चा शेवटचा ‘अ’ दीर्घ करा. लगेच १०३ वं सांगतं, अनेकवचन असेल तर त्याचा ‘ए’ करा. अनेकवचनात दोन्ही सूत्रं हक्क सांगतात. तिथे पहिल्या अध्यायातलं एक सूत्र निवाडा देतं: तुल्यबळांच्या झगड्यात नंतरचं जिंकतं. म्हणून रामेभ्यः.

आता प्रयोगशाळेत या. बेल लॅब्जच्या स्टीफन जॉन्सन यांनी १९७० च्या दशकात ‘यॅक’ लिहिला. भाषेचं व्याकरण त्याला द्यायचं, तो त्या भाषेतली रचना ओळखणारा पार्सर तयार करून देतो. विद्यार्थी पाच-पंचवीस नियम लिहून मोठ्या आशेने कमांड देतात आणि पडद्यावर उत्तर येतं: शिफ्ट/रिड्यूस कॉन्फ्लिक्ट, म्हणजे पुढे वाचायचं की वाचलेल्याला नियम लावायचा, हा पेच. बहुतेक वेळा गुन्हेगार एकच. एका ‘इफ’च्या पोटात दुसरा ‘इफ’, आणि शेवटी एकटा ‘एल्स’. तो कोणाचा? यॅक अशा वेळी वाचत पुढे जातो, म्हणून ‘एल्स’ जवळच्या ‘इफ’ला मिळतो. दोन नियम एकाच तुकड्यावर हक्क सांगत असतील, तर फाइलमध्ये आधी लिहिलेला जिंकतो. पाणिनीच्या बरोबर उलटं! गंमत म्हणजे बेरीज-गुणाकाराचं प्राधान्य सांगणाऱ्या ओळींत यॅकही खालच्या ओळीला जास्त वजन देतो.

यॅकला द्यायचं व्याकरण ज्या धर्तीवर लिहितात, ती पद्धत १९५९ मध्ये जॉन बॅकस यांनी मांडली आणि पीटर नाउर यांनी अल्गोल ६० या प्रोग्रॅमिंग भाषेच्या अहवालात वापरली. १९६७ मध्ये पी. झेड. इंगरमन यांनी तिला ‘पाणिनी-बॅकस फॉर्म’ म्हणावं, असं सुचवलं. त्याच वर्षी पुण्यात भांडारकर संस्थेने काशिनाथ वासुदेव अभ्यंकरांनी संपादित केलेला ‘परिभाषासंग्रह’ छापला. दोघांना एकमेकांची खबर असण्याचं कारण नव्हतं. इंगरमनची सूचना आजही हौसेने सांगितली जाते. माझ्या मते मोलाचा ग्रंथ अभ्यंकरांचा. नियम लिहिण्याची खूण कोणालाही सुचू शकते. कस लागतो तो भांडणं मिटवताना, आणि त्या संग्रहात शतकानुशतकांचे निवाडे एकत्र आले आहेत. काशीचे नागेश भट्ट, आडनावाने काळे, यांनी अठराव्या शतकात ‘परिभाषेन्दुशेखर’ लिहून हीच वाट आणखी पुढे नेली, आणि डेक्कन कॉलेजमध्ये असताना कीलहॉर्न यांनी तो इंग्रजीत आणला.

एक खडा इथेच टाकतो. ‘संस्कृत ही संगणकासाठी सर्वोत्तम भाषा, नासानेच सांगितलंय’ हा निरोप मलाही दर दिवाळीला येतो. त्याचं मूळ नासाशी संलग्न संशोधक रिक ब्रिग्ज यांच्या १९८५ च्या एका लेखात आहे. तो लेख वाक्याचा अर्थ यंत्रात कसा मांडावा याबद्दल आहे, संस्कृतात प्रोग्रॅम लिहिण्याबद्दल नाही. शिवाय पाणिनी पार्सर लिहीत नव्हता. तो अर्थाकडून शब्दाकडे जातो, तर पार्सर समोर आलेल्या शब्दांवरून रचना शोधतो. दिशाच उलटी.

साम्य आहे ते निवाड्यात, आणि तो खटला अजून मिटलेला नाही. २०२२ मध्ये केंब्रिजचे ऋषी राजपोपट यांचा प्रबंध गाजला. त्यांचं म्हणणं असं की ‘नंतरचं जिंकतं’ सांगणाऱ्या पाणिनीच्या त्या सूत्राचा रोख ग्रंथात नंतर येणाऱ्या नियमावर नाही, शब्दाच्या उजव्या भागाला लागू होणाऱ्या नियमावर आहे. तसं वाचलं तर परिभाषांचा बराचसा डोलारा अनावश्यक ठरतो. अनेक वैयाकरणांना हे पटलेलं नाही. मलाही पुरतं पटलेलं नाही, पण यॅकचा तास आला की मी आता फळ्यावर आधी रामेभ्यः लिहितो आणि दोन्ही निवाडे मांडून मुलांना भांडू देतो.