फुगेराय : पुनर्बांधणीतही जपलेले वचन

जर्मनीतील आउग्सबुर्ग शहरी याकोब फुगर या धनाढ्य कॅथॉलिक व्यापाऱ्याने १५२१ साली गरजू कॅथॉलिक नगरवासीयांसाठी 'फुगेराय' ही धर्मादाय वसाहत स्थापन केली. वर्षाचे भाडे अवघे एक ऱ्हेनिश गिल्डर. शिवाय संस्थापकाच्या कुटुंबासाठी रोज तीन प्रार्थना : प्रभूची प्रार्थना, नमो मरिया व मतांगीकार.

फेब्रुवारी १९४४ च्या बॉम्बवर्षावात वसाहतीचा मोठा भाग उद्ध्वस्त झाला. युद्ध चालू असतानाच, काही दिवसांत, फुगर घराण्याने पुनर्बांधणीचा निर्णय घेतला. न्यासाच्या वनसंपत्तीने त्या कामाला आधार दिला. घरे जुन्याच धर्तीवर उभी राहिली. प्रत्येक बिऱ्हाडाला पूर्वीसारखे स्वतंत्र दार मिळाले. पुढे लगतच्या जागेत वसाहत वाढली. आज तेथे सुमारे १५० रहिवासी असून त्यांत अनेक वृद्ध आहेत. भाडे आजही वर्षाला ८८ युरो सेंट, म्हणजे तोच गिल्डर!

वास्तू नवी झाली की भाडे वाढते आणि गरीब वृद्ध बेघर होतो, असे अनेक शहरांत घडते. म्हणून वृद्धांच्या निवाऱ्याची डागडुजी करताना आपण प्रथम हे पाहावे, की काम संपल्यावर जुना रहिवासी सन्मानाने परत येऊ शकेल काय? फुगेरायचा इतिहास आम्हांला हेच शिकवतो.