ग्रंथातली गाठ

'ग्रंथ' हा शब्द आपण जाड, भारदस्त पुस्तकांसाठी राखून ठेवला आहे. त्याच्या मुळाशी मात्र संस्कृत 'ग्रन्थ्' धातू आहे: बांधणे, गुंफणे, गाठ मारणे. पोथीच्या ताडपत्रांना भोक पाडून दोरी ओवत असत. त्याच कुळातला 'ग्रंथि' प्राकृतात 'गंठि' झाला आणि मराठीत 'गाठ'. जैन साधूला 'निर्ग्रंथ' म्हणत ते गाठी सुटलेला म्हणून. पुस्तकांशी तिथे काही संबंध नाही.

हे आठवलं ते 'हॅम्लेट'च्या एका आकृतीमुळे. फ्रँको मोरेत्ती या अभ्यासकाने २०११ साली या नाटकाचं जाळं काढलं. प्रत्येक पात्र हा एक ठिपका. दोन पात्रं एकमेकांशी बोलली की त्यांच्यात रेघ. अशा ठिपक्याला इंग्रजीत 'नोड' म्हणतात आणि लॅटिन 'नोडस' म्हणजे गाठच! 'ग्रंथि'शी त्याचं रक्ताचं नातं नाही, तरी अर्थ नेमका तोच. आणि मराठीत तर दोघं भेटली की त्यांची 'गाठ पडते'. ठिपका गाठ, रेघ म्हणजे गाठ पडणं. अख्खी आकृती एका शब्दात मावते.

मग मोरेत्तीने जाळ्यातून हॅम्लेटलाच वगळलं. जाळं जवळजवळ दुभंगलं. एका बाजूला राजदरबार, दुसऱ्या बाजूला भूत आणि फोर्टिनब्रास, मध्ये होरेशिओच्या तीन रेघा. त्यालाही काढलं की सगळं विस्कटतं. नाटक वाचताना हा सज्जन मित्र माझ्या कधी डोळ्यांत भरला नव्हता. एक टोक ओढलं की सुटते ती सुरगाठ. होरेशिओ या नाटकाची सुरगाठ आहे.

मोरेत्तीने ही जाळी हाताने काढली. शेकडो कादंबऱ्यांसाठी मशीन लर्निंग हवं: पात्रं कोणती, कोण बोललं, हे यंत्राने ओळखायचं. इथे मराठीची तऱ्हा वेगळी. 'वहिनी', 'वहिनींनी', 'वहिनींकडे' ही एकच बाई, हे यंत्राला शिकवावं लागतं. शिवाय दिराची वहिनी ती सासूची सूनबाई आणि मुलांची आई. हाका तीन, गाठ एक. उलट 'म्हणाला' आणि 'म्हणाली' यांतून आपलं क्रियापद जे आपणहून सांगतं, ते इंग्रजी क्रियापद सांगत नाही.

म्हणून 'नोड'ला 'बिंदू' न म्हणता 'गाठ' म्हणावं, असं मला मनापासून वाटतं. जाळ्याच्या कडेला एखादं पात्र रेघेविना सुटं दिसलं, तर त्याची कुणाशी गाठच पडली नाही, हेही त्याच शब्दात सांगता येईल.