दोन दारे, एकच दिवस

१४ ऑक्टोबर १९५६ हा दिवस आपल्या मुलांना पाठ करावा लागत नाही. त्या दिवशी नागपुरात बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली आणि लाखोंना दिली. पण त्याच दिवशी खैरागडच्या राजवाड्यात इंदिरा कला संगीत विश्वविद्यालयाचे उद्घाटन झाले, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? तिथल्या राजा-राणीने दिवंगत कन्येच्या नावाने हे विद्यापीठ उभारले. त्या दिवशी नागपूर, खैरागड आणि मी शिकवतो ते गोरेगाव, तिन्ही गावे एकाच जुन्या मध्य प्रदेशात होती. खैरागड आज छत्तीसगडात आहे. तरी गोंदियाहून रेल्वेने डोंगरगड आणि पुढे सडकेने खैरागड, एवढेच ते दूर आहे.

माझा आजा नागपूरच्या दारातून आत गेला. परत आल्यावर त्याने खुंटीवरचे डफडे उतरवले, ते कायमचे. मांडवाबाहेर उभे राहून वाजवायचे आणि पंगत उठल्यावर उरलेले घ्यायचे, ही कला नव्हती, वेठ होती. त्याने केले ते योग्यच केले. पण वेठ टाकताना सूर-ताल हेही आपले नव्हेत, असे आम्ही धरून चाललो. भीमगीतांनी गळा जिवंत ठेवला. खैरागडच्या दाराकडे मात्र आमच्या घरातून कोणी पाहिले नाही.

शास्त्रीय संगीत उच्चवर्णीयांचे, हा समज इतिहासाला धरून नाही. विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. पांढरपेशा घरांतली मुले-मुली गाण्याकडे वळली ती प्रामुख्याने अशा विद्यालयांमुळे. त्याआधी ही विद्या सांभाळली ती मुसलमान उस्तादांच्या घराण्यांनी आणि ज्यांना समाज पायरीवर बसवत होता अशा गाणाऱ्या बायांनी.

मोगूबाई कुर्डीकरांचे उदाहरण घ्या. जन्म १९०४, गोव्यातल्या कुर्डी गावी, देवळाच्या सेवेला बांधलेल्या कलावंत समाजात. आई लवकर गेली. पोटासाठी नाटक कंपनी, मग सांगली. तिथे अल्लादियाखाँसाहेबांनी त्यांचा आवाज ऐकला आणि तालीम दिली. खाँसाहेब मुंबईला गेले, तर मोगूबाईही मागोमाग गेल्या. तालीम खंडित झाली, तेव्हा त्यांचे बंधू हैदरखाँ यांच्याकडे शिकल्या. पुढे पुन्हा खाँसाहेबांकडे आल्या. पद्मभूषण मिळाले ते १९७४ साली, सत्तरीत.

या चरित्राला ‘साधना’ म्हणून हात जोडणे सोपे आहे. मला त्यातला हिशेब दिसतो. वर्षानुवर्षे शिकवणारा गुरू, त्या वर्षांचा खर्च आणि शेवटी बसायला बैठक: ही तीन जुळल्याशिवाय गाण्यात आयुष्य उभे राहत नाही. मोगूबाईंना हे तिन्ही झगडून मिळवावे लागले. आणि बैठक मिळाली तरी मान मिळतोच असे नाही. आईच्या मागे तंबोरा धरून फिरताना किशोरी आमोणकरांनी आईला मिळणारी दुय्यम वागणूक पाहिली. पुढे त्यांनी मानधन, निवास, श्रोत्यांची शिस्त याबाबत तडजोड नाकारली, तेव्हा लोक त्याला लहरीपणा म्हणाले. मी त्याला थकबाकीची वसुली म्हणतो.

कलावंत समाजाचे दुःख आणि आपले दुःख एक नव्हे. सूर त्यांच्या घरात होता. आपल्याला तो मांडवाबाहेरून ऐकावा लागला. पण मार्ग त्यांच्याकडून शिकता येतो.

माझ्या वर्गात आमच्याच वस्तीतली एक मुलगी आहे. जयंतीला गाते. गांधर्व मंडळाच्या पहिल्या परीक्षा तिने दिल्या आहेत. परवा विचारत होती, “सर, गाण्यावर पोट भरते का जी?” भरते, असे मी म्हणू शकलो नाही. संगीत शिक्षकाची नोकरी, शिकवण्या, कार्यक्रम, हे सगळे जोडून मुश्किलीने भरते. आणि तिथवर पोचायला दहा वर्षे कोणीतरी घर चालवावे लागते. डॉक्टरकी-इंजिनिअरिंगच्या मुलांसाठी आपण वर्गणी काढतो, वसतिगृहाचे अर्ज भरतो. तंबोऱ्यासाठी काढू का? चळवळीतल्या मित्रांनी याचे उत्तर द्यावे.

तिचा खैरागडचा प्रवेश अर्ज मी आणून ठेवला आहे. आज आजा असता, तर सहीसाठी आधी त्याच्याकडेच नेला असता.