रजा, वजीफा आणि पगार

मराठीतला 'रजा' हा शब्द अरबी 'रज़ा'पासून आला. रज़ा म्हणजे संमती, राजीखुशी. आपण कामावर जात नाही ते कोणाच्या तरी संमतीने, एवढाच त्याचा मूळ अर्थ. 'वजीफा' हाही अरबीच. उर्दूत आपण तो शिष्यवृत्तीसाठी वापरतो, तर आजच्या अरबीत त्याचा अर्थ नोकरी असाही होतो. 'पगार' मात्र पोर्तुगीजांनी दिला. हे तीन शब्द शेजारी ठेवले की संशोधनासाठी सुट्टी घेणाऱ्या प्राध्यापकाची सगळी अडचण समोर येते. रजा विद्यापीठ देते, वजीफा बाहेरची एखादी संस्था देते आणि घर चालते पगारावर. रजा मिळाली, वजीफाही मिळाला, पण पगाराचे काय, या प्रश्नावर किती ग्रंथ लिहायचे राहून गेले असतील याची मोजदाद कोणी ठेवलेली नाही.

या व्यवस्थेचा इतिहास अमेरिकेत सुरू होतो, आणि गंमत म्हणजे त्याच्या पहिल्याच पानावर संस्कृत आहे.

चार्ल्स एलियट १८६९ मध्ये हार्वर्डचे अध्यक्ष झाले आणि पुढची चाळीस वर्षे त्या पदावर राहिले. चांगले विद्वान दुसऱ्या विद्यापीठांतून आपल्याकडे ओढून आणणे हा त्यांच्या कारभाराचा मोठा भाग होता. संस्कृतचे चार्ल्स लॅनमन तेव्हा बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात होते. १८८० मध्ये हार्वर्डने नियम केला की प्राध्यापकाला दर सातव्या वर्षी अर्ध्या पगारावर वर्षभराची रजा मिळेल. लॅनमन त्याच वर्षी हार्वर्डला आले. त्यांना आणण्यात या सवलतीचा मोठा हात होता असे सांगितले जाते. सातवे वर्ष ही कल्पना यहुदी परंपरेतली. सहा वर्षे शेत कसायचे आणि सातव्या वर्षी जमिनीला विसावा द्यायचा. 'सबॅटिकल' या शब्दाच्या मुळाशी हिब्रूतला शब्बाथ आहे. अरबीत शनिवारला 'यौमुस्सब्त' म्हणतात, तोही याच घराण्यातला. पुढच्या दहाएक वर्षांत कॉर्नेल, वेल्सली आणि कोलंबिया यांनीही अशीच रजा सुरू केली.

लॅनमन १८८९ मध्ये हिंदुस्थानात आले आणि हार्वर्डसाठी सुमारे पाचशे हस्तलिखिते घेऊन गेले. आपल्या हस्तलिखितांचे असे बाहेर जाणे मला खटकते, तो वाद वेगळा. दोन वर्षांनी, १८९१ मध्ये, 'हार्वर्ड ओरिएंटल सीरीज' सुरू झाली. तिच्यामागे लॅनमन यांची विद्वत्ता होती आणि त्यांचे विद्यार्थी हेन्री क्लार्क वॉरन यांचा पैसा. वॉरन यांनी पाली 'विसुद्धिमग्ग'चे संपादन हाती घेतले होते, पण १८९९ मध्ये ते वारले. ते काम पुरे करायला १९१० मध्ये हार्वर्डला कोण गेले? गोव्याचे धर्मानंद कोसंबी.

धर्मानंदांची गोष्ट इथे जरा थांबून सांगायला हवी, कारण रजा आणि पगार यांचा दुसरा नमुना तिच्यात आहे. कलकत्ता विद्यापीठात पाली शिकवण्याची जागा त्यांच्याकडे होती. बडोद्याचे सयाजीराव गायकवाड यांनी दुसरा प्रस्ताव ठेवला. महाराष्ट्रातल्या कोणत्याही गावी राहा, दरमहा पन्नास रुपये घ्या आणि वर्षाला एक पुस्तक लिहून द्या. कलकत्त्याच्या पगारापुढे पन्नास रुपये म्हणजे काहीच नव्हते. धर्मानंदांनी ते घेतले, कारण त्यांना आपल्या माणसांत राहून मराठीत बौद्ध विचार सांगायचा होता. हा वजीफा खरा, पण त्याला पगाराची जोड नव्हती. जो फरक पडला तो त्यांनी आणि त्यांच्या घरच्यांनी सोसला. हार्वर्डला त्यांच्या वाट्याला आलेला अनुभवही कडू होता. संपादनाचे श्रेय कोणाचे यावरून त्यांचे लॅनमन यांच्याशी बिनसले आणि १९१२ मध्ये ते परत आले. पुढे ते पुन्हा पुन्हा तिकडे गेले, काम पुरे केले. त्यांच्या नावानिशी ते संपादन हार्वर्डच्या मालेत १९५० मध्ये निघाले. धर्मानंद १९४७ मध्येच गेले होते.

आता परत अमेरिकेकडे. अर्ध्या पगाराची रजा कागदावर छान दिसते. विद्यापीठाचा हिशेबही सोपा: उरलेल्या अर्ध्या पगारात बदली शिक्षक नेमला की तिजोरीवर भार नाही. पण प्राध्यापकाचे घरभाडे अर्धे होत नाही आणि मुलांच्या शाळेची फीही अर्धी होत नाही. म्हणून ही रजा मुख्यतः त्यांनाच पेलायची ज्यांच्याकडे वडिलोपार्जित काही होते, किंवा ज्यांच्या मागे संसार नव्हता. बाकीच्यांनी सहा महिन्यांची पूर्ण पगारी रजा घेतली आणि पुस्तक अर्धवट ठेवून वर्गावर परतले. वर्षभर अर्धा पगार किंवा सहा महिने पूर्ण पगार, हा हिशेब तिथल्या कितीतरी विद्यापीठांत आजही तसाच आहे.

ही फट बुजवायला बाहेरचा पैसा आला. सायमन आणि ओल्गा गुगेनहाइम या दांपत्याचा मुलगा १९२२ मध्ये वारला. त्याच्या नावाने त्यांनी काढलेल्या प्रतिष्ठानाने १९२५ मध्ये पहिल्या फेलोशिप दिल्या. सुरुवातीच्या वर्षांत ही रक्कम साधारण अडीच हजार डॉलर असे. मोठ्या विद्यापीठातल्या ज्येष्ठ प्राध्यापकाच्या पगाराहून ती कमीच होती. अमेरिकी सरकारने १९६५ मध्ये मानव्यविद्यांसाठी राष्ट्रीय निधी स्थापन केला. त्याची वर्षभराची फेलोशिप अलीकडे साठ हजार डॉलर होती. मोठ्या संशोधन विद्यापीठात पूर्ण प्राध्यापकाचा पगार याच्या दुपटीहून अधिक असतो.

म्हणजे देशभरातून निवड होऊन मानाचा वजीफा मिळवायचा आणि बक्षीस म्हणून घरातली मिळकत निम्म्यावर आणायची! शिवाय अमेरिकेत आरोग्य विमा आणि निवृत्तीचा निधी नोकरीला बांधलेले असतात. बिनपगारी रजेवर गेलात की तेही लोंबकळतात.

यावर तिथल्या सधन विद्यापीठांनी जो उपाय काढला तो मला या इतिहासातला सगळ्यात शहाणपणाचा भाग वाटतो. वजीफा आणि पगार यांतला फरक विद्यापीठ भरून देते. काही ठिकाणी फेलोशिपची रक्कम विद्यापीठाच्या खात्यात जमा होते आणि प्राध्यापकाला नेहमीचा पगार नेहमीच्या तारखेला मिळतो. काही ठिकाणी फेलोशिपएवढी रक्कम पगारातून वजा करून बाकीची दिली जाते. विमा चालू राहतो. विभागाला बदली शिक्षक नेमायला पैसे मिळतात, त्यामुळे सहकाऱ्यांच्या डोक्यावर जादा तास बसत नाहीत आणि त्यांची कुरकुरही होत नाही. अटी असतात. फेलोशिप खुल्या स्पर्धेतून मिळालेली हवी, अमुक वर्षांत एकदाच हा लाभ, परतल्यावर किमान वर्षभर शिकवायचे, नाहीतर पैसे परत करा.

पण हे कोण करू शकते? ज्याच्या तिजोरीत आहे तोच. छोट्या सरकारी महाविद्यालयातल्या प्राध्यापिकेला तीच फेलोशिप मिळाली तरी फरक भरून द्यायला कोणी नसते. निवड समितीने नावे न पाहता निव्वळ गुणवत्तेवर निवड केली, तरी वर्षभर निश्चिंत बसून लिहिणे श्रीमंत विद्यापीठातल्यालाच जमते. आणि तिथले निम्म्याहून अधिक शिक्षक आज कायमच नाहीत, तात्पुरत्या करारावर शिकवतात. त्यांना सातवे वर्ष येतच नाही.

आपल्याकडचा नियम पाहा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीत सबॅटिकल रजा आहे. सहयोगी प्राध्यापक किंवा प्राध्यापक म्हणून सात वर्षे झालेल्या कायम शिक्षकाला ती एका वेळी एक वर्ष आणि सबंध नोकरीत दोन वर्षांपर्यंत मिळू शकते, तीही पूर्ण पगारी. हार्वर्डच्या अर्ध्या पगारापेक्षा हे कागदावर उदार आहे, हे मान्य केले पाहिजे. पण त्यातच एक कलम आहे: या काळात शिक्षकाला फेलोशिप घेता येते, मात्र तशी घेतली तर संस्थेला वाटल्यास ती रजा कमी पगारावर मंजूर करू शकते. तिकडे वजीफा कमी पडतो म्हणून पगार जोडतात. आपल्याकडे वजीफा मिळाला म्हणून पगार कापण्याची वाट मोकळी ठेवली आहे. एकाच घटनेकडे पाहण्याच्या या दोन नजरा आहेत.

आयोगाची एक जुनी योजना जास्त समंजस होती. पंचवार्षिक योजनांच्या काळात महाविद्यालयातल्या शिक्षकाला पीएचडीसाठी शिक्षक-फेलोशिप मिळे. त्याचा पगार चालू राही आणि त्याच्या जागी नेमलेल्या बदली शिक्षकाचा पगार आयोग देई. रजेवर गेलेल्या माणसाचा वर्ग कोण घेणार, हा प्रश्न पैशाने सोडवला होता. प्राचार्यांची 'रज़ा' मिळवायला याहून सोपा मार्ग नाही.

महाराष्ट्रात मात्र या सगळ्या नियमांच्या बाहेर एक मोठा वर्ग उभा आहे, तासिका तत्त्वावरचा. सीएचबीवाले. नेट-सेट झालेले, पीएचडी झालेले, तासागणिक पैसे मिळणारे. तास नाही तर पैसा नाही, मग रजा कसली? आपल्या भागातले कितीतरी तरुण उर्दू, फारसी, दखनी वाचू शकतात. दखनीची हस्तलिखिते आहेत, दर्ग्यांच्या सनदा आहेत, जुन्या घराण्यांतले फारसी कागद आहेत. सेतुमाधवराव पगडी यांनी सरकारी नोकरी सांभाळून फारसी साधनांचा डोंगर उपसला. त्यांच्याकडे निदान महिन्याच्या महिन्याला येणारा पगार होता. आज ही लिपी वाचू शकणारा मुलगा सकाळी एका महाविद्यालयात चार तास घेतो, दुपारी दुसऱ्या गावच्या एसटीत असतो आणि मे महिन्यात, महाविद्यालये बंद असताना, त्याला एक रुपयाही मिळत नाही.